खरातमामांचं बराबर

खरातमामांच्या शेजारच्या टेबलावर मी साडेचार वर्षं काम केलं, आणि त्यातले पहिले तीन महिने मी त्यांच्यावर मनातल्या मनात चिडलेली होते. कारण तसं क्षुल्लक होतं. सकाळी नऊ पंचावन्नला शेअरबाजार उघडायचा. दोन्ही फोन एकदम वाजायला लागायचे. काउंटरपलीकडे आठ-दहा माणसं एकमेकांच्या खांद्यावरून वाकलेली असायची, भाव डोळ्यांदेखत वरखाली होत असायचा, आणि हा माणूस कीबोर्डच्या वर एक बोट अधांतरी धरून म्हणायचा, "बराबर म्हणा."

गिऱ्हाइकानं सांगितलेली ऑर्डर ते आधी मोठ्यानं परत म्हणून दाखवत. नाव, खरेदी की विक्री, कोणता शेअर, किती, काय भावात. मग विचारत, "बराबर?" समोरच्यानं नुसती मान हलवली तर चालायचं नाही. "हो हो, टाका लवकर" म्हटलं तरी चालायचं नाही. 'बराबर' हाच शब्द त्या माणसाच्या तोंडून यावा लागे. तो आला की बोट खाली. नाही आला तर बोट वरच, मग तिकडे भाव दोन रुपयांनी का पळेना. मी सौद्यांची बिलं करायला बसलेली बाई. मला त्या भावाशी काही देणंघेणं नव्हतं. तरी मी हातातलं बिल सोडून त्या बोटाकडे बघत बसायचे. मामांच्या कपाळावर मात्र आठी दिसायची नाही.

आमचं ऑफिस जालन्यात गांधी चमनपासून जवळ, एका कापडाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होतं. गच्चीवर शेअरबाजाराचा सिग्नल घेणारी मोठी छत्री, खाली दोन टर्मिनल, एक टर्रटर्र करणारा प्रिंटर आणि लाइट गेली की घरघरणारा इन्व्हर्टर. गिऱ्हाइकं म्हणजे स्टील मिलमधले सुपरवायझर, बियाण्यांचे डीलर, बँकेतले कारकून, दवाखाना उघडण्याआधी अर्धा तास डोकावणारे डॉक्टर. घरोघरी कॉम्प्युटर यायच्या आधीचे दिवस होते ते. शेअर घ्यायचा-विकायचा तर आमच्या जिन्यानं वर यावं लागे, नाहीतर फोन करावा लागे.

मामा मूळ टेंभुर्णीचे. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. ते मॅट्रिक झाले, जालन्याच्या मोंढ्यात, तिथल्या धान्यबाजारात, आमच्या शेठजींच्या आडतीवर लागले आणि एकोणतीस वर्षं तिथं हर्राशी पुकारत राहिले. हर्राशी म्हणजे मालाचा लिलाव. शेठजींनी शेअरचं ऑफिस काढलं तेव्हा कॉम्प्युटर शिकलेली दोन पोरं सोडून त्यांनी मामांना खुर्चीवर बसवलं. लोक हसले. शेठजी म्हणाले, "कॉम्प्युटर दोन दिवसात येतो. ह्या माणसाच्या तोंडून मोंढ्यात एकदा पण चुकीचा भाव गेला नाही, ते दोन दिवसात येत नाही." शेठजींचं मला पटलेलं हे एक वाक्य. पुढे त्यांनीच ते विसरायचं ठरवलं, ते सांगेनच.

पन्नाशीचा उंच, काटकुळा माणूस. पांढरा फुलबाह्यांचा शर्ट, मनगटाची बटणं उन्हाळ्यातही लावलेली. कॉम्प्युटरमधलं त्यांना फार कळत नव्हतं आणि कळावं अशी इच्छाही नव्हती. कीबोर्डवर F1 दाबलं की खरेदी आणि F2 दाबलं की विक्री, एवढ्यावर त्यांचा संसार चाले. त्यातल्या F2वर त्यांनी घोंगडीचा नखाएवढा तुकडा डिंकानं चिकटवला होता. विक्रीची ऑर्डर असली की बोट आधी त्या खरखरीत तुकड्यावर टेकायचं. मी विचारलं, "मामा, हे काय खेळणं?"

"घेताना मानूस शंभरदा इचार करतो बाई," ते म्हणाले. "इकताना घाईत असतो. मंग हाताला तरी कळाया पाहिजे, आपुन इकून राह्यलो म्हणून."

डोळ्यांपेक्षा त्यांचा हातावर विश्वास होता. ह्याचं मूळ त्यांच्या घरात होतं आणि ते त्यांनी मला एका निवांत दुपारी सांगितलं. संध्याकाळी मेंढरं जाळीच्या कुंपणात घ्यायची. त्या कुंपणाला ते वाघूर म्हणत. वाघरीच्या तोंडाशी एकानं बसायचं आणि आत जाणाऱ्या प्रत्येक मेंढीच्या पाठीला हात लावायचा. मोजणी हातानं करायची. डोळ्यानं मोजलं तर दोन मेंढ्या एका धुळीत एकच दिसतात. हात लागला ती आत, हात लागला नाही ती बाहेर. शेवटची आत आल्याशिवाय तोंड बंद करायचं नाही.

शेअरच्या सौद्यातही तसंच असतं. पाचशे शेअर विकायला टाकले म्हणजे पाचशेचा एकच घेणारा मिळतो असं नाही. कोणी पन्नास घेतो, कोणी दोनशे, उरलेले रांगेत उभे राहतात. घेणारा मिळाला की प्रिंटरवर एक चिठ्ठी यायची: इतके गेले, ह्या भावात. स्क्रीनवरही ते दिसायचं. पण मामा स्क्रीनकडे बघून कधी 'झाला' म्हणायचे नाहीत. चिठ्ठी फाडून घेणार, तिच्यावर तळहात टेकवणार आणि मग म्हणणार, "पन्नास आत. साडेचारशे बाहेर." गिऱ्हाईक म्हणायचं, "अहो मामा, स्क्रीनवर दिसतंय की." मामांचं उत्तर ठरलेलं. "चिठ्ठी न्हाई तवर सौदा न्हाई."

बाजार उघडल्यावरची पहिली पाच मिनिटं त्यांना मनापासून आवडत. एरवी निम्मं बोलणारा माणूस तेव्हा मोंढ्यातल्या आवाजात यायचा. त्या आवाजाचा त्यांना गर्वही होता. एकदा घसा बसला होता तर दोन दिवस रजा टाकून घरी बसले, पण खरखरत्या आवाजात ऑर्डर म्हटली नाही. मात्र त्याच पाच मिनिटांत कोणी "मिळेल त्या भावात घ्या" म्हटलं की त्यांना ते आवडत नसे. "वाघूर उघडली की आधी बकऱ्या उधळतात," ते म्हणत. "मेंढरं मागून येतात. जरा दम धरा, खरा भाव मागून येऊन राह्यलाय."

पवार नावाचे बियाण्यांचे डीलर होते, ते दम धरणाऱ्यातले नव्हते. कुठून तरी टिप घेऊन आले आणि बाजार उघडता उघडता म्हणाले, "हजार घ्या मामा, मिळेल त्या भावात." शेअर असा, की दिवसाकाठी त्याचे दोन हजारसुद्धा हलत नसतील.

"पवारसाहेब," मामांनी पुकारलं. "खरेदी. हजार. मिळंल त्या भावात. बराबर?"

"बराबर हो."

"पुन्यांदा म्हणा."

"बराबर, बराबर, बराबर. आता लेखी देऊ का?"

बोट खाली आलं. दोनशे मिळाले एक्केचाळीसला. तीनशे चव्वेचाळीसला. उरलेले पाचशे बावन्नला मिळाले आणि दहा मिनिटांत भाव परत एक्केचाळीसवर जाऊन बसला. पवारसाहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. ते तावातावानं भांडायला उठले. मामांनी तीन चिठ्ठ्या काउंटरवर ओळीनं मांडल्या आणि प्रत्येकीवर तळहात टेकवून त्या वाचून दाखवल्या. काउंटरपलीकडचे सगळे हसले. पवारसाहेब आठवडाभर आले नाहीत. नवव्या दिवशी आले तेव्हा मामांनी पहिल्यांदाच स्वतःच्या पैशानं चहा मागवला. ही मोठीच घटना होती, कारण चहाच्या बाबतीत मामा इतके चिक्कू होते, की पुढ्यात आलेल्या कटिंगमधलाही अर्धा बशीत ठेवून दुपारी प्यायचे.

स्वतः त्यांनी एकही शेअर घेतला नाही. मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, "दुसऱ्याची मेंढरं राखायची तर त्यात आपली सोडू नये बाई. नजर तिच्याकडंच जाती." ते कुठंही शेवटून निघत. ऑफिस बंद करताना शेवटी ते, जिन्यात आमच्या मागे ते, जेवायला बसतानाही सगळ्यांचे डबे उघडल्यावर ते. मला ते सभ्यपणाचं लक्षण वाटायचं. नंतर लक्षात आलं, तो सभ्यपणा वगैरे काही नव्हता. त्यांना मागं कोणी राहिलेलं चालत नसे.

तर असा माणूस चुकला. आणि चुकला तो आपल्या नियमामुळेच.

आष्टीचे वायाळ गुरुजी आमचे जुने गिऱ्हाईक. निवृत्त हेडमास्तर. रोज सकाळी बाजार उघडायच्या आधी गावातल्या एसटीडी बूथवरून फोन करायचे. त्या दिवशी त्यांनी आपल्याकडचे एका सिमेंट कंपनीचे सगळे पाचशे शेअर एकशे ब्याऐंशीला विकायला सांगितले. मामांनी पुकारलं, गुरुजींनी तिकडून बराबर म्हटलं, बोट खाली आलं. बाजार उघडला तो पडेल तोंडानंच. चार मिनिटांनी गुरुजींचा परत फोन. "खरात, गेले का?"

मामांनी प्रिंटरकडे पाहिलं. चिठ्ठी नव्हती. "न्हाई गुर्जी. एक बी गेला न्हाई."

"मग भाव खाली घ्या. एकोणऐंशी करा, पण काढून टाका."

मामांनी जुनी ऑर्डर रद्द केली आणि पाचशेची नवी घातली. पुकारून, बराबर म्हणवून, सगळं रीतीप्रमाणे. ती झटक्यात गेली. तिचीही चिठ्ठी आली नाही, तेव्हा मी उठले आणि प्रिंटरचं झाकण उघडलं. आत कागद अडकून त्याचा बोळा झाला होता. प्रिंटर आवाज करत होता आणि चिठ्ठ्या आतल्या आत छापून चुरगाळत होता. मी तो बोळा ओढून काढला, मामांनी तो टेबलावर पसरला आणि एकेका चिठ्ठीवर हात ठेवत मोजलं. पहिल्या ऑर्डरीतले तीनशे ब्याऐंशीला आधीच गेले होते. नंतरचे पाचशे एकोणऐंशीला. गुरुजींकडे शेअर पाचशे आणि मामांनी विकले आठशे. जुनी ऑर्डर रद्द करताना स्क्रीनवर 'शिल्लक दोनशे' असं लिहिलेलं असणार. दुसरा कोणीही ते वाचून सावध झाला असता. मामांनी वाचलंच नव्हतं, कारण चिठ्ठी नाही तवर सौदा नाही.

त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. घाबरलेला नव्हता तो. अंधारात पायरी चुकल्यावर माणूस क्षणभर जसा थांबतो, तसे ते थांबले.

गुरुजींच्या नावावर जे तीनशे जास्तीचे विकले गेले होते ते परत विकत घेऊन ठेवणं भाग होतं. तोवर भाव एकशे त्र्याहत्तरवर घसरला होता. म्हणजे एकोणऐंशीला विकलेलं त्र्याहत्तरला परत मिळणार, वर अठराशे रुपये नफा. माझा तेव्हाचा पगार बावीसशे होता. शेठजी केबिनमधून बाहेर आले, त्यांनी सगळं ऐकलं आणि हसायलाच लागले.

"मामा, तुम्ही तर चुकून पण कमाई करून दिली. आता घाई नका करू. बाजार अजून पडून राहिलाय. दुपारी घ्या, दुप्पट सुटतील."

"चुकून आलेलं जनावर चराया न्यायचं न्हाई, शेठजी," मामा म्हणाले आणि F1 दाबून तीनशे शेअर त्याच क्षणी परत घेतले.

दुपारी बाजार बंद झाल्यावर खरी गोष्ट सुरू झाली. शेठजींनी मला सांगितलं, हा सौदा गुरुजींच्या नावावरून काढून ऑफिसच्या खात्यात टाका. मामा उठून उभे राहिले. "ते गुर्जींच्या नावावर झालंय. गुर्जींचं हाय."

"अरे वा. नुकसान झालं असतं तर गुरुजींनी भरलं असतं का?"

"न्हाई. ते मी भरलं असतं. चूक माझी हाय."

"मग नफा त्यांचा कसा?"

मामांनी तेव्हा त्यांच्याकडची रीत सांगितली. दुसऱ्याची मेंढी चुकून आपल्या वाघरीत आली आणि तिथं व्याली, तर तिला कोकरासकट परत करायची. कोकरू ठेवून घेतलं तर पुढल्या वेळी आपलाच हात मेंढी आत ओढतो. शेठजींनी ऐकून घेतलं. ते वाईट नव्हते, पण दुकानदार होते. "मामा, पैशाचं सोडा. पैसे देऊन टाकू. पण तुम्ही गुरुजींना सांगणार, की आमच्याकडून जास्तीचे विकले गेले. आज त्यांना सांगणार, उद्या आष्टीभर होणार. इथं लोक तुमच्या तोंडाकडे बघून पैसा लावतात. त्याच तोंडानं चूक झाली म्हणून सांगणार? गप्प बसा. नाहीतर मग उद्यापासून ह्या खुर्चीवर मला दुसरा माणूस बसवावा लागेल."

मामा त्या खुर्चीसाठी जगत होते, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. पहाटे उठून टेंभुर्णीहून जीपनं यायचे आणि नऊ वाजता येऊन फडक्यानं कीबोर्ड पुसायचे. मला वाटलं, ते शेठजींचं ऐकतील. खरं सांगायचं तर त्यांनी ऐकावं असं मला वाटत होतं. मला माझ्या शेजारी तेच हवे होते.

रविवारी मी माहेरी आष्टीला निघाले तर परतूरला एसटी बदलताना मामा दिसले. हातात पिशवी, पिशवीत त्या चुरगाळलेल्या चिठ्ठ्या इस्त्री केल्यासारख्या सरळ केलेल्या. मी म्हटलं, "मामा, विचार करा." ते म्हणाले, "बाई, बस निघून राह्यली. चढा तुमी."

गुरुजींच्या ओसरीवर मीही बसले. मामांनी चिठ्ठ्या मांडल्या, सगळं सांगितलं, वर अठराशे रुपये ठेवले. गुरुजींनी चष्मा लावून चिठ्ठ्या वाचल्या. बराच वेळ वाचल्या.

"खरात, तुम्ही आला नसता तर मला कळलं असतं का?"

"न्हाई गुर्जी."

"मग आजपर्यंत अशा किती चुका झाल्या असतील, ज्या मला कळल्या नाहीत?"

"येक बी न्हाई. ही पयली."

"ते तुम्ही म्हणता," गुरुजी शांतपणे म्हणाले. त्यांनी आम्हाला चहा दिला, पोहे दिले, पैसे मोजून घेतले. महिन्याभरात त्यांनी आपलं खातं परभणीच्या एका ऑफिसात हलवलं. मला गुरुजींचा इतका राग आला, की पुढल्या दोन खेपांना माहेरी जाऊनही मी त्यांच्या गल्लीतून गेले नाही. मामांना नाही आला. "मेंढी परत केल्यावर मालकानं ती कुटं बांधायची, ते आपुन कोण सांगनार," एवढंच म्हणाले.

शेठजींनी शब्द पाळला. परभणीहून एक ऑपरेटर आला. बोटं विजेसारखी चालायची त्याची. पहिल्याच दिवशी त्यानं घोंगडीचा तुकडा नखानं खरवडून फेकून दिला. मामांना मी केलेली बिलं गिऱ्हाइकांना घरोघर पोचवायचं काम मिळालं. पन्नाशी उलटलेला माणूस पिशवी लावून सायकलवर हिंडायला लागला. नऊ पंचावन्नला मात्र ते दाराजवळच्या बाकावर असायचे. कोणी ऑर्डर सांगितली की त्यांचे ओठ हलायचे. गिऱ्हाइकांचीही पंचाईत झाली होती. नवा ऑपरेटर काही विचारायचाच नाही, तरी दोघं-तिघं ऑर्डर सांगून झाल्यावर आपणहून "बराबर" म्हणायचे, आणि तो वैतागून "काय बराबर?" म्हणायचा. घाईत दोनदा त्यानं विक्रीच्या जागी खरेदी केली. ते निस्तरलं गेलं. कोणाला कळू दिलं नाही.

असं दोन वर्षं चाललं. मग एका सकाळी शेठजी नेहमीपेक्षा लवकर आले. त्यांच्या पत्नीच्या हृदयाचं ऑपरेशन हैदराबादला ठरलं होतं, पुढल्याच आठवड्यात. त्यासाठी वडिलांनी घेऊन ठेवलेले एका जुन्या कंपनीचे चार हजार शेअर विकायचे होते. त्या शेअरला गिऱ्हाईक फारसं नसे. जे काही असे ते बाजार उघडताना. ती वेळ चुकली की चुकली. ऑपरेटर तयार होऊन बसला होता. शेठजी त्याच्या मागं उभे राहिले, घड्याळाकडे पाहिलं, मग दाराजवळच्या बाकाकडे पाहिलं.

"मामा," ते म्हणाले, "तुम्ही बसा."

ऑपरेटर उठला. मामांनी बिलांची पिशवी बाकावर ठेवली, येऊन बसले, खिशातल्या रुमालानं कीबोर्ड पुसला. बोट सवयीनं F2कडे गेलं, तिथं काही खरखरीत लागलं नाही म्हणून त्यांनी मान वाकवून ते बटण डोळ्यांनी पाहून घेतलं.

नऊ पंचावन्न झाले. दोन वर्षांनी तो आवाज आला.

"शेठजी. इक्री. चार हजार. एकसष्ट रुपये, त्याखाली न्हाई. बराबर?"

"टाका मामा."

बोट अधांतरी. स्क्रीनवर एकसष्टला घेणारे दिसत होते.

"मामा, वेळ जाऊन राहिलाय."

"व्हय शेठजी."

सगळे शेठजींकडे बघत होते. शेठजी अगदी हळू म्हणाले, "बराबर."

बोट खाली आलं. पंचवीसशे गेले. मग सहाशे. चिठ्ठ्या येत होत्या, मामा तळहात टेकवत होते. मग प्रिंटर थांबला. नऊशे बाहेर. भाव साठ झाला, साडेएकोणसाठ झाला. शेठजींचा धीर सुटला. "उरलेले मिळेल त्या भावात काढा मामा, काय यायचं ते येऊ द्या."

"शेठजी," मामांनी पुकारलं. "इक्री. नऊशे. मिळंल त्या भावात. बराबर?"

आपलेच शब्द दुसऱ्याच्या मोठ्या आवाजात ऐकल्यावर शेठजी थबकले. त्यांनी कपाळ पुसलं. "नको," ते म्हणाले. "थांबा." आम्ही थांबलो. अकरा मिनिटं. मग प्रिंटर पुन्हा वाजला. पाचशे, मग तीनशे साठ, आणि सगळ्यात शेवटी एकट्या चाळीसची चिठ्ठी, एकसष्टलाच. मामांनी सगळ्या चिठ्ठ्या एकत्र करून मोजल्या. मग पुन्हा पहिल्यापासून मोजल्या. आणि म्हणाले, "चार हजार. समदी आत."

शेठजींनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "मामा, उद्यापासून ही खुर्ची तुमची. माझं चुकलं."

"न्हाई शेठजी," मामा उठत म्हणाले. "वहिनीसायबांचं चांगलं होऊ द्या. मी ह्या महिन्याअखेर गावाकडं चाल्लो."

शेठजी केबिनमध्ये गेल्यावर मी मामांना अक्षरशः दरडावलं. ज्या खुर्चीसाठी दोन वर्षं बाकावर बसलात ती समोर आली तर नको म्हणता? कशाचा एवढा ताठा?

"ताठा न्हाई बाई," ते म्हणाले. "तुमी बघितलं न्हाई का? मी दोनदा मोजलं. गुर्जींच्या त्या सौद्यापासून घरी मेंढरं बी मला दोनदा मोजाया लागून राह्यली. पयल्या मोजनीवर भरवसाच बसत न्हाई. असल्या मानसानं वाघरीच्या तोंडाशी बसू नये." पिशवी खांद्याला लावून ते आदल्या दिवशीची बिलं वाटायला निघून गेले.

महिना संपला त्या संध्याकाळी मी भाजी घेऊन परतत होते. टेंभुर्णीकडे जाणारी जीप उभी होती आणि तिच्या मागच्या दाराशी मामा उभे होते. माणसं चढत होती, मामा बाजूला सरकून एकेकाला आत घेत होते. गाडी गच्च भरली. ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं आणि हाक मारली, "चला मामा, जल्दी." मामा चढले नाहीत. लांबून एक बाई कडेवर पोर आणि डोक्यावर गाठोडं घेऊन येत होती, ती जीपसाठीच येते आहे की नाही हेही मला सांगता आलं नसतं. मामा एक पाय पायरीवर ठेवून तिची वाट बघत राहिले. ती पोचली, त्यांनी गाठोडं आत दिलं, ती चढली. मग त्यांनी दारातून आत वाकून, बसलेल्यांवर एकवार नजर फिरवली, आणि मी मनात म्हणत होते, मामा, दुसऱ्यांदा नका बघू. त्यांनी दुसऱ्यांदा पाहिलं. मग ते चढले आणि जीप निघाली.